दुसऱ्या भाकरीची कविता

आबा, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, पण आज मला तुमच्याशी भांडायचंय. शिवाजी पेठेतल्या आपल्या खानावळीत घरच्यांनी गिऱ्हाइकांनंतर जेवायचं, हा तुमचा नियम. मी ताटावर बसलोय, मागं रेंगाळलेली गिऱ्हाइकं बघतायत, आणि तुम्ही भाकरीच्या टोपलीवर हात ठेवून म्हणताय, "बसलं बघा आमचं खादाड. दुसरी पायजे व्हय? मग कविता म्हण की." मी उभा राहून म्हणायचो. शाळेच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता मला पाठ झाल्या त्या अशा. पाखरं, ओढे, पिवळी उन्हं, सगळं भुकेल्या पोटी. "गळा गोड हाय की तुमच्या पोराचा," गिऱ्हाइकं हसत म्हणायची. तोवर भाकरी गार.

पुढं मी रसायनशास्त्रात शिरलो आणि तीन कार्बनच्या कड्यांवर जन्म काढला. "त्यात काय बघायचं असतंय?" असं तुम्ही एकदा विचारलंत. तेव्हा सांगता आलं नाही, आता ऐका. कार्बनला ऐसपैस बसायची सवय. तिघांचंच कडं केलं की प्रत्येकाला अंग चोरून बसावं लागतं, आणि तो ताण आत कोंडून राहतो. जरा निमित्त मिळालं की कडं उघडतं. त्याला आम्ही कुणी उतावळं म्हणत नाही. त्याची घडणच तशी.

माझी लेक भुकेच्या जनुकांवर संशोधन करते. तिच्या सहकाऱ्यांनी माझं आणि माझ्यासारखीच भूक असलेल्या माझ्या नातीचं रक्त तपासलं. दोघांच्या जनुकात एकच बदल निघाला. "अण्णा, पोट भरल्याचा निरोप तुमच्या मेंदूपर्यंत नीट पोचतच नाही," लेक म्हणाली, "हावरेपणा नव्हता तो." ऐकलंत, आबा? मी खादाड नव्हतो.

परवा जावयानं, माझ्याच तोंडून ऐकलेली गंमत म्हणून, नातीचं ताट मागं ओढलं. "दुसरी पाहिजे? आधी कविता." पोर मुकाट उभी राहिली. जावयाला आपल्यात कुणी बोलत नाही. मी बोललो. "किती वाढायचं ते डॉक्टरांना विचारा. पण माझ्या घरात जेवणासाठी कुणी उभं राहायचं नाही." तिला बसवलं आणि तव्यावरची भाकरी माझ्या हातानं वाढली. तुम्ही समोर असतात तर तुम्हालाही हेच ऐकवलं असतं, गिऱ्हाइकांदेखत.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या कविता मला अजून फार आवडतात, आणि दुसरी भाकरी ताटात पडली की एक कडवं मनात म्हटल्याशिवाय मला घास घेता येत नाही.