हाळीचे चार टेक

रविवार, २८ सप्टेंबर २०२५. सकाळी ९.

आजपासून रोजनिशी. मोठ्या दिग्दर्शकांची असतेच. असावी.

विषय चालून आला. सासरे गणपतराव, म्हणजे आमचे मामा, यांच्या घशात गाठ निघाली आहे. सत्तावीस ऑक्टोबरला ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार. त्यानंतर आवाज नाही तो नाहीच. डॉक्टर लगेच करा म्हणत होते. मामा म्हणाले, पाडवा झाल्याबिगर मी टेबलावर झोपत न्हाई.

मामांचा म्हशींचा गोठा. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे कोल्हापुरात म्हशी नटवून पळवतात. पुढे मोटरसायकल, मागे म्हैस. दोरी नाही, काठी नाही. मालकानं हाळी घातली, म्हणजे आरोळी ठोकली, की म्हैस सुटते. मामांची बिजली फक्त मामांच्या हाळीवर पळते. मेव्हणा राजवीर गाडी चालवतो, मामा मागे उलटे बसून हाळी घालतात. या वर्षीची हाळी शेवटची.

बायको वर्षाराणी डोळे पुसत म्हणाली, आबांची हाळी तेवढी काढून ठेवा, दुसरं काय नको. मी म्हणालो, हाळी कसली, अख्खी डॉक्युमेंटरी करतो. ती म्हणाली, फोनवर काढली तरी चालंल की. बायकोच्या अज्ञानावर रागावू नये. हसून सोडून दिलं.

चोवीस दिवस हातात. भरपूर.

त्याच दिवशी, दुपारी ३.

प्रश्न एकच. कॅमेरा कुठला? छोटा सिने कॅमेरा की फोटो-व्हिडिओ दोन्ही काढणारा मिररलेस हायब्रिड? दोन वर्षं यूट्यूबवर हाच अभ्यास चालू आहे. जिल्ह्यात या विषयावर माझ्याइतकं कुणाला माहीत नसावं. कॅमेरा अजून हातात धरलेला नाही, पण तो तपशील.

उद्या संध्याकाळपर्यंत निर्णय.

सोमवार, २९ सप्टेंबर. दुपारी १. (पतसंस्थेत, डबा खाताना.)

निर्णय झाला. मिररलेस. ऑटोफोकस आहे, म्हैस पळाली तरी फोकस तिच्या डोळ्याला चिकटून राहतो. हात थरथरला तरी चित्र थरथरत नाही. वर फोटोही निघतात.

सायंकाळी ७.

निर्णय रद्द. एक नवा रिव्ह्यू पाहिला. मिररलेस उन्हात तापून बंद पडतो म्हणे. बिजली ऐन भरात पळतेय आणि कॅमेरा झोपला तर? सिने कॅमेऱ्याला आत पंखा असतो.

बुधवार, १ ऑक्टोबर.

सिने कॅमेरा. काळी म्हैस, काळा डांबरी रस्ता, त्यावर चमकणारा झगमगाट. काळ्यातले सगळे काळे वेगळे दिसले पाहिजेत. तेरा स्टॉपची डायनॅमिक रेंज लागेल. मात्र ऑटोफोकस यथातथा. फोकस हातानं फिरवावा लागणार. मी फिरवीन. रक्तात आहे. आजोबांनी इथल्या एका शूटिंगला हिरोचा घोडा धरला होता.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा.

राजारामपुरीत अनेकांत नावाच्या तरुणाच्या दुकानी गेलो. कॅमेरे विकतो, भाड्यानंही देतो. मी दीड तास दोन्ही प्रकारांची तुलना समजावून सांगितली. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, माईक कुठला लावणार? मी म्हणालो, सिनेमा ही दृश्यकला आहे, आवाज दुय्यम. त्यानं ड्रॉवरमधून एक छोटा माईक काढला. मग म्हणाला, दादा, सासऱ्यांचा आवाजच पायजे न्हवं तुमाला? मग ह्यो कॉलरचा माईक घ्या, फोनला जोडा, झालं काम. भाडं बी नको.

अपमान गिळला. सोनं देऊन घरी आलो.

रविवार, ५ ऑक्टोबर.

गोठ्यावर जाऊन बोटांची चौकट करून फ्रेमा पाहिल्या. मामांनी विचारलं, पावणं, मशीन कुठाय? म्हणालो, अभ्यास चालू आहे. मामा मान डोलावून राजवीरला म्हणाले, बघ, काम आसं करायचं आस्तंय.

मामांचा आवाज घोगरा झालाय. डॉक्टरांनी ओरडायला मनाई केली आहे. महिनाभर हाळी घातलेली नाही. म्हणाले, घसा जपून ठेवलाय, पाडव्याला एकदाच काढायचा. मग हळूच "बिजले" म्हणाले. कोपऱ्यातल्या म्हशीनं रवंथ थांबवून मान वळवली.

वर्षाराणी कानात म्हणाली, आत्ताच घ्या की फोनवर थोडं. मी म्हणालो, लाइट बघ कसा फ्लॅट आहे.

गुरुवार, ९ ऑक्टोबर.

तुलनेचा तक्ता केला. चौतीस मुद्दे. सतरा सिनेला, सतरा मिररलेसला. छापून टेबलावर ठेवला होता, मॅनेजरसाहेबांनी तिमाही अहवाल समजून सही केली. पस्तिसावा मुद्दा शोधणे.

मंगळवार, १४ ऑक्टोबर.

अंतिम निर्णय. सिने कॅमेरा. भाड्यानं. अनेकांतकडचा लग्नाच्या ऑर्डरीत अडकलाय, एकवीसला मिळेल. म्हणजे सरावाला एक दिवस. दोन वर्षांची थिअरी असताना प्रॅक्टिकलला एक दिवस पुष्कळ.

शनिवार, १८ ऑक्टोबर. धनत्रयोदशी.

गोठ्यात नुसती धांदल. मामा स्वतः बिजलीची हजामत करत होते, पाठीवर नक्षी ठेवून. शिंगं रंगवून झाली. गळ्यात कवड्या. शिंगांना लाल गोंडे, दरवर्षीचे. मी सांगितलं, लाल रंग कॅमेऱ्यात फुटतो. मामांनी गोंड्यांकडे एकदा बघितलं. मग गोंडे सोडले आणि राजवीरला पिवळे आणायला धाडलं. म्हणाले, मशिनीला कळतंय ते आपल्याला काय कळनार.

आर्ट डायरेक्शनही मलाच बघावं लागतंय.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन.

कॅमेरा आला! वजनदार. लक्ष्मीशेजारी ठेवून हळदकुंकू वाहिलं.

अनेकांतनं एकच गोष्ट तीनदा सांगितली. रेकॉर्डिंग चालू आसलं की ह्यो लाल दिवा लागतो, तेवढा बघत जावा दादा. नवशिक्यांना ठीक आहे. घरी येऊन दिव्यावर काळी टेप लावली. दिवा दिसला की माणसं अवघडतात, हे कुठल्याही व्यावसायिकाला माहीत असतं. स्क्रीनवरचे आकडे आणि खुणाही घालवल्या. फ्रेम स्वच्छ हवी.

सराव करायचा होता. पण फराळाला शेजारी आले आणि त्यांना कॅमेऱ्याबद्दल सांगण्यात संध्याकाळ गेली.

बुधवार, २२ ऑक्टोबर. पाडवा. सकाळी ११.

इतिहास घडला.

दुपारच्या गर्दीत हलगी आणि सायलेन्सरपुढे हाळी कुठली ऐकू येणार? म्हणून सकाळी सातलाच नदीकडच्या मोकळ्या रस्त्यावर घरच्याच माणसांत शूटिंग ठेवलं. वर्षाराणी, राजवीर आणि सासूबाईंनी फोन बाहेर काढले होते. मी सगळे गोळा करून पिशवीत टाकले. सेटवर शिस्त लागते.

पहिला टेक: फोकस बिजलीच्या शेपटीवर गेला. दुसरा: राजवीरचा शर्ट फार पांढरा, बदलायला लावला. तिसरा: ऊन लेन्समध्ये आलं. चौथा ओके. मामांनी छाती भरून श्वास घेतला की मी बटण दाबायचो, म्हैस थांबली की पुन्हा दाबायचो. आधीमधी उगाच कार्ड कशाला भरायचं? चौथ्या वेळी मामांचा आवाज फाटला. तो भाव फारच सुंदर होता. सासूबाई मध्ये डॉक्टरांचं काहीतरी बोलत होत्या, मी कामात होतो.

चार म्हणजे चार उत्तम टेक.

सायंकाळी ६.

दुपारी खरा पाडवा. दुतर्फा माणसं. राजवीरनं गाडी रेझ केली, मामा उलटे बसले, छाती भरली, तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. नाही. बिजली रस्त्याच्या मध्यात पिवळे गोंडे घालून नुसती उभी. कुणीतरी ओरडलं, गणपतराव, म्हस झोपली काय वो? लोक हसले. मामा गाडीवरून उतरले, तिच्या गळ्यात हात घातला आणि तिला चालवत घरी घेऊन गेले.

वर्षाराणी माझ्याशी बोलत नाही.

माझं म्हणणं एवढंच की यामुळे सकाळच्या फुटेजची किंमत वाढली. (नंतर वाचलं. हे वाक्य मीच लिहिलं आहे. राहू दे इथेच.)

शुक्रवार, २४ ऑक्टोबर.

कॅमेरा परत केला. फाइली लॅपटॉपवर घेतल्या. उघडत नाहीत, फार जड आहेत, नवं सॉफ्टवेअर लागेल. अनेकांतचा फोन आला होता, एकदा बघून घ्या फाइली, काय ऱ्हायलं आसलं तर आजून दोन-तीन दिवस हायती. मी म्हणालो, मामा ऑपरेशन होऊन घरी आले की सगळ्यांना एकदमच दाखवणार. सरप्राइज.

मामांचा घसा बसलाय. कुजबुजतात. गरम पाण्याच्या गुळण्या चालू.

सोमवार, २७ ऑक्टोबर.

ऑपरेशन झालं. चार तास. डॉक्टर म्हणाले, गाठ पूर्ण निघाली, जीव वाचला. सासूबाईंनी हात जोडले. वर्षाराणी पाच दिवसांनी माझ्याशी बोलली. म्हणाली, आवाज गेला आबांचा, बरं झालं तुम्ही काढून ठेवलाय. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, चार टेक आहेत.

रविवार, २ नोव्हेंबर. सकाळी ८.

सॉफ्टवेअर चढलं. क्लिपा पाच निघाल्या. चार का नाहीत?

सकाळी १०.

पुन्हा पाहिल्या.

कॅमेरा पिशवीतून काढतानाच बटण दाबलं गेलं असणार. दिव्यावर टेप. स्क्रीनवर खुणा नाहीत. त्यामुळे मी चालू केला की तो बंद व्हायचा आणि बंद केला की चालू. दोन टेकांच्या मधल्या वेळातलं सगळं आहे. टेक एकही नाही.

डांबर. गवत. राजवीरचं चाक. मामांचे पाय, नव्या कोल्हापुरी पायताणातले. चार क्लिपा मामांनी छाती भरून श्वास घेतला की संपतात. चारही तिथेच. पाचवी पिशवीतली. अंधार, आणि माझा आवाज राजवीरला सांगतोय की हे आता फेस्टिव्हलला पाठवायचं.

दुपारी १.

दुसरी क्लिप परत ऐकली. लिहून ठेवतो, नाहीतर मी हेही विसरायची सोय करीन.

सासूबाई म्हणतात, आवो डाक्टरांनी वरडू नका म्हटलंय न्हवं? दुपारच्याला तरी ऱ्हावू द्या की घसा. मामा म्हणतात, दुपारचं जाऊ दे गं. तितं लोकं बघत्यात आन इसरत्यात. ह्ये कायमचं ऱ्हानार हाय. पोरीला ऐकाय व्हईल. पावण्यांनी दोन वरीस आब्यास केलाय ह्येच्यापायी.

मग माझा आवाज. लांबून, चढलेला. मामा, परत एकदा, जरा जोरात. म्हातारपण दिसू देऊ नका.

मग श्वास. मग संपलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर.

वर्षाराणीला सांगितलं. आधी म्हणालो की कॅमेऱ्यात फॉल्ट होता. मग खरं सांगितलं. तिनं पाचही क्लिपा पाहिल्या. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, फोन तुमीच घेतला होता माझा हातातनं. आबांना काय सांगायचं ते तुमीच सांगा.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.

वर्षाराणीनं दुसरी क्लिप तिच्या फोनमध्ये घेतली आहे. रोज सकाळी कणीक मळताना ऐकते. माझं वाक्य येतं तिथे कोपरानं आवाज बंद करते आणि श्वासाला परत चालू करते. अंदाज चुकत नाही.

अनेकांतनं मेसेजमध्ये विचारलं, कसं आलं दादा? दोन तास उत्तर लिहीत होतो. पाठवलं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर. सायंकाळी ५.

गोठ्यावर गेलो. मामा खाटेवर, गळ्याला पट्टी, मांडीवर पाटी. सांगण्याऐवजी लॅपटॉपच उघडला. दुसरी क्लिप लावली. आवाज कमी करायला हात गेला होता, मागे घेतला. माझं वाक्यही मामांनी ऐकलं. माझ्याकडे बघितलं नाही. पडद्यावरच्या स्वतःच्या पायांकडे बघत आणि स्वतःचं बोलणं ऐकत बसले.

बिजली कोपऱ्यात बसून रवंथ करत होती. शेवटी तो श्वास आला. ती उठली. एका दमात, चारी पायांवर, कान पुढे. क्लिप संपली.

मी म्हणालो, मामा, पुढचं आलं नाही. माझी चूक. कॅमेऱ्याची नाही.

मामांनी पेन्सिल घेतली. बराच वेळ काहीतरी लिहिलं, हातानं पुसलं, परत लिहिलं आणि पाटी माझ्याकडे फिरवली. "पायतान झ्याक आलंय."

मामा हसत होते. खांदे हलत होते, आवाज नव्हता. मला मान वर करता आली नाही. सासूबाईंनी चहा आणला, तो तसाच निवला.

मामा उठून बिजलीजवळ गेले, पाठीवर थोपटलं, खाली बस म्हणून मान दाबली. ती बसेना. मी निघालो तेव्हाही ती लॅपटॉप होता त्या जागेकडे बघत उभी होती.