मधल्या पाण्यात पंचवीस मिनिटं

दौंड,
११ जानेवारी २०२६

प्रिय रूथताईस,
धाकट्या जॉन्सनचा स. स. वि. वि.

पत्र पोचलं. फोन कानाशी धरला की तुझं कानातलं मशीन शिट्टी मारतं, म्हणून आपण दोघं अजून पोस्टाला पोसतोय. पोस्टमन म्हणतो, अख्ख्या बाजारपेठेत हातानं लिहिलेलं पाकीट फक्त तुमच्या दुकानाला येतं, बाकी सगळ्यांना नोटिसा.

तर जॉर्ज सरांच्या ख्रिस्तोफरचं स्थळ तू फेथसाठी पुन्हा काढलंस. बरं. मुलगा रांजणगावला कारखान्यात क्वालिटीत आहे असं तू मोठ्या अभिमानानं लिहितेस. मी त्या कारखान्यांना गेट आणि शेड करून दिल्यात, क्वालिटीवाले बघितलेत. दुसऱ्यानं घाम गाळून केलेला तुकडा हातात घ्यायचा, पट्टी लावायची आणि नापास म्हणायचं. स्वतः आयुष्यात एक खिळा ठोकलेला नसतो. जॉर्ज सर तर काय, रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी अजून हेडमास्तर. मागं शिरूरच्या उपासनेनंतर माझ्याशी हात मिळवला आणि रुमालाला पुसला. मी बघितलं.

आणि आता चहा-पोह्यांचा कार्यक्रम नको, दोन्ही घरांनी मिळून २६ जानेवारीला धरणाच्या फुगवट्यातल्या बेटावर जाऊ, पोरांना मोकळं बोलता येईल, ही तुझी नवी टूम. मुलगा बघायला बेट कशाला लागतं, ताई? माझ्या वेल्डिंगच्या दुकानात आणून उभा कर. चालू ग्राइंडरजवळ माणूस कसा उभा राहतो त्यावरून मी त्याचं खानदान सांगतो.

फेथला विचारलं. ट्रेलरच्या चेसिसखाली झोपून काम करत होती, तिथूनच म्हणाली, जाऊन तर येऊ पप्पा. म्हणून येतो. नाव माझ्या ओळखीच्या मच्छिंद्रची ठरवली आहे. तिच्या छपराचा सांगाडा मीच केलाय, त्यामुळे छप्पर तरी डोक्यावर पडणार नाही.

गुडघ्याला जप. माझ्या बोलण्याचा राग आला तर तो पत्रावर काढ, माझ्यावरची माया तेवढी बाजूला काढून ठेव.

तुझा,
जॉन्सन


शिरूर,
१६ जानेवारी २०२६

चि. जॉन्सन यास,
रूथताईचे अनेक आशीर्वाद.

गुडघा आहे तसाच आहे, तुझी जीभही आहे तशीच आहे. दोन्हींवर औषध नाही.

हे चौथं स्थळ. पहिला मुलगा चालताना पाय घासतो म्हणून तू नाकारलास. दुसऱ्याचा हात मऊ लागला. तिसऱ्या बिचाऱ्यानं तुझ्या घरी मटण खायला चमचा मागितला, तर तू वर्षभर ती गोष्ट दौंडभर सांगत फिरलास. फेथ तिन्ही वेळा गप्प राहिली. तुला वाटलं, तिला पटलं. ती अठ्ठाविसाची झाली, जॉन्सन. पाबळहून वेल्डिंगचं काम शिकून आली त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून तुझं निम्मं दुकान तिच्या हातावर चालतंय. तिची आई गेल्यापासून तुझं जेवण, तुझी गोळी, तुझं सगळं तिच्याकडं. ती गेली तर तुझं कसं, ही तुझी भीती मला शिरूरमध्ये बसून दिसते. भीती असू दे. पण तिच्यापायी दुसऱ्याच्या पोराला नावं ठेवू नकोस.

माझं एवढंच मागणं आहे. त्या दिवशी तोंड बंद ठेव आणि पोरीला तिच्या डोळ्यांनी बघू दे. मला पाण्याची किती भीती वाटते तुला माहीत आहे, तरी मी नावेत बसणार आहे, ते तिच्यासाठी.

गोळी वेळेवर घे. आहे तो लोभ वाढव, निदान कमी करू नकोस.

तुझी,
रूथताई


दौंड,
२८ जानेवारी २०२६

प्रिय रूथताईस,
विजयी जॉन्सनचा स. स. वि. वि.

सुखरूप पोचलीस, भरून पावलो. परतताना तुझा चेहरा पांढरा पडला होता. वाऱ्यानं असेल. लिंबू-सरबत घे.

आता सहलीचा हिशेब मांडतो, कारण तू तिथं असूनही निम्मं तुला ऐकू आलेलं नाही. जॉर्ज सर टाय लावून आले होते. बेटावर, टाय! वर स्वतःची घडीची खुर्ची. नावेत चढताना त्यांनी सगळ्यांची मोजदाद केली, जणू वर्गच. सहाच माणसं आणि सातवा मच्छिंद्र, तरी दोनदा मोजली. मग रोहित पक्ष्यांवर इंग्रजीतून व्याख्यान. पक्षी कंटाळून उडाले, आपल्याला उडता येत नव्हतं. सरांच्या बाईंनी सँडविच आणली होती, पावाच्या कडा कापून. पावाच्या कडा टाकून देणारी माणसं मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितली. आणि जेवणाआधीची ती प्रार्थना! जॉर्ज सरांनी पंचायत समितीपासून परदेशातल्या पुतण्यापर्यंत सगळ्यांसाठी मागणं मागितलं. आमेन येईपर्यंत माझी भाकरी कडक झाली.

आणि नवरदेव! पांढरे बूट घालून आला आणि बेटावर उतरताना पहिल्याच पावलाला चिखलात बसला. फेथ हसली तर हाही हसायला लागला. लाज म्हणून नाही. नंतर ते दोघं बाभळींकडं फिरायला गेले, तेव्हा मी सावलीचं निमित्त करून मागं जाऊन बसलो. माझे कान तुला माहीत आहेत. अर्धा तास पोरगं नुसतं विचारत होतं. वेल्डिंगचा टाका कच्चा राहिला हे कसं कळतं, दुपारी शेडमध्ये पत्रा तापतो तेव्हा काय करता, बाईमाणूस बघून गिऱ्हाईक घासाघीस जास्त करतं का. स्वतःचं मत म्हणून एक नाही. अशा माणसाशी बोलायचं म्हणजे विहिरीशी बोलायचं.

आता खरी गंमत ऐक. तू मला तोंड बंद ठेव म्हणालीस, ते मी ठेवलं. पण मच्छिंद्रला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, की परतताना मधल्या पाण्यात डिझेलचा कॉक हळूच बंद करायचा आणि इंजिन बंद पडलं म्हणून बोंब मारायची. तो काकुळतीला आला, म्हणाला, शेठ, बायामाणसं हायेत, कशाला उगं. मी म्हणालो, दहा मिनिटं फक्त. मला बघायचं होतं, संकट अंगावर आलं की हे क्वालिटीवालं पोरगं काय करतं.

तर काय केलं? काही नाही! उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, मला इंजिनातलं काही कळत नाही, काय धरायचं ते सांगा, मी धरतो. मच्छिंद्र काय सांगणार, तो माझ्याकडं बघत बसलेला. मग हा वीर गेला आणि तुझ्या पायाशी मांडी घालून बसला. चांगला तिशीचा गडी, म्हातारीच्या पायाशी! मधेच वारा सुटला, नाव आडवी झाली आणि कोळ्यांच्या जाळ्यांच्या खुंटांकडं सरकायला लागली. वारा काही माझ्या हुकमातला नव्हता. जॉर्ज सरांनी याला जबाबदार कोण, असं तीनदा विचारलं. मच्छिंद्र डोळ्यानं विचारत होता, उघडू का. मी मान हलवली नाही. म्हटलं, बघू तरी अजून किती वेळ बसतोय.

शेवटी फेथच उठली. फळी उचलली, हात घातला, कॉक उघडला, दोन झटक्यांत इंजिन चालू. पंचवीस मिनिटं झाली होती. मग मान वर करून तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. काय नजर होती, ताई! बापाची लेक!

स्थळ संपलं असं समज. जॉर्ज सरांना तूच गोड शब्दांत कळव, गोड शब्द माझ्याकडं शिल्लक नाहीत. तुझा लोभ आजवर फुकट मिळत आलाय, पुढंही मिळावा.

तुझा,
जॉन्सन


शिरूर,
३ फेब्रुवारी २०२६

जॉन्सन,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. विसरले नाही.

तुला सगळं ऐकू येतं म्हणून तुला वाटतं सगळं कळतंही. मी बहिरी आहे, पण त्या पंचवीस मिनिटांत काय झालं ते मी सांगते, तू ऐक.

इंजिन बंद पडल्यावर नाव कलली आणि पाण्याचा सपकारा माझ्या तोंडावर आला. कानातलं मशीन भिजलं आणि बंद पडलं. सगळं जग एकदम मुकं झालं. नाव फिरतेय, माणसं तोंडं हलवताहेत, आणि मला कळेना की आपण बुडतोय का काय. तेव्हा तो मुलगा माझ्या पायाशी येऊन बसला. वरून बोलला असता तर उन्हामुळं मला त्याचं तोंड दिसलं नसतं. खाली बसून, तोंड वर करून तो एकेक गोष्ट सावकाश सांगत होता, म्हणजे मला ओठांवरून कळावी. आता नाव आडवी झाली आहे. हा फक्त वारा आहे. आता फेथ उठली आहे. माझ्या लाइफ जॅकेटचा पट्टा तुटलेला होता, ते त्याच्या लक्षात आलं. त्यानं स्वतःचं काढलं आणि मला बांधलं. मी खुणेनं विचारलं, तुला पोहता येतं का. त्यानं मान हलवली, नाही म्हणून, आणि हसला.

तुला पोहता येतं, म्हणून तू ऐटीत जॅकेट घातलं नव्हतंस. त्याला येत नव्हतं, आणि त्यानं काढून दिलं. चार हातांवर बसून तू त्याला हसत होतास.

कालपरवा रविवारी फेथ इथं आली होती. मी तिला काही सांगायच्या आधी तिनंच सांगितलं. डिझेलचा कॉक आपोआप बंद होत नाही, आत्या, आणि मच्छिंद्रकाका माझ्या डोळ्याला डोळा देईनात. तेव्हा मी तुझं पत्र तिच्या हातात दिलं. हो, मुद्दाम दिलं. तिनं ते दोनदा वाचलं आणि नीट घडी घालून मला परत केलं. बापाची लेक म्हणून ज्या नजरेनं तू फुशारलास, ती कसली नजर होती ते तिच्याकडूनच ऐक. ती बोलेल तेव्हा कृपा करून विनोद करू नकोस.

आईनं तुला माझ्या ओटीत घातलं तेव्हा तू अडीच वर्षांचा होतास. त्यानंतर पहिल्यांदा मला तुझी लाज वाटली ती या आठवड्यात. लोभाचं काय ते नंतर बघू.

रूथ


दौंड,
१२ एप्रिल २०२६, रविवार

प्रिय रूथताईस,
जॉन्सनचा सलाम. विनंती आहे, विशेष काही नाही.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दोन महिने उलटले. तीनदा लिहायला बसलो. तिन्ही वेळा पत्रात गंमत यायला लागली, म्हणून फाडलं.

फेथ त्याच आठवड्यात बोलली. दुकानातच, हातमोजे न काढता. म्हणाली, पप्पा, एका माणसाला बघायला तुम्ही सात जणांची नाव पाण्यात थांबवलीत. तुम्ही एकालाच बघितलंत, मी दोघांना बघून घेतलं. मग म्हणाली, मी ख्रिस्तोफरला हो म्हणते आहे. तुम्हाला विचारत नाही, सांगते आहे. आणि नावेत जे जे होते, त्यांना तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं. माझ्या तोंडात एक उत्तर तयार होतं, ताई. चांगलं होतं. गिळलं.

शिरूरला गेलो. तुझ्या दारावरून गेलो, पण आधी जॉर्ज सरांकडं जायचं होतं आणि नंतर तुझ्याकडं यायचं धैर्य राहिलं नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला बसा म्हणाले नाहीत. बरोबर केलं. बाईंनी चहा आणून ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी आजवर लोकांकडं जसं बघत आलो, अगदी तसं. ते दुसऱ्या बाजूनं कसं लागतं हे वयाच्या साठीला कळलं. पोरगं मला फाटकापर्यंत सोडायला आलं. फाटकाची बिजागरी कुरकुरत होती, मी म्हणालो येऊन करून देतो, तो बरं म्हणाला.

खरं लिहू? पोरगं मला अजून आवडलेलं नाही. बूट अजून पांढरेच घालतो. फेथ लग्नानंतर आठवड्यातले तीन दिवस दौंडला येणार म्हणते. बाकीच्या दिवसांचं मी बघेन, गोळी घड्याळाचा गजर लावून घ्यायला शिकलोय.

आज आपल्या चर्चमध्ये त्यांच्या लग्नाची, तीन रविवारांतली पहिली पुकार झाली. पाळकसाहेबांनी दोघांची नावं वाचली आणि नेहमीसारखं विचारलं, या विवाहाला कुणाची काही हरकत असेल तर त्यानं आत्ता सांगावं. ताई, अख्खं चर्च मागं वळून माझ्याकडं बघायला लागलं. पाळकसाहेबही चष्म्यावरून बघत थांबले. जरा जास्तच थांबले. फेथ पुढच्या बाकावर होती, ती एकटी वळली नाही.

मी गप्प बसलो.

पुढचे दोन रविवारही बसेन. तू तेवढी येऊन शेजारी बस. लोभ मागायचा हक्क आत्ता माझ्याकडं नाही, पण जागा धरून ठेवतो.

तुझा,
जॉन्सन