भट्टीतली पट्टी

ताई,

आधी हे वाच, मी धडधाकट आहे आणि वेळेवर जेवते. फोनवर बाबा शेजारीच कान लावून बसलेले असतात, म्हणून लिहितेय.

माझ्या पीएचडीची ती धातूची पट्टी भट्टीत वजन लावून टांगली आहे ना, ती अजून तुटलेली नाही. किती दिवसांनी तुटते तेच बघायचंय. मध्येच भट्टी गार झाली तर सगळं पहिल्यापासून. लॅबमध्ये तिच्याबद्दल कोणी मोठ्याने बोलतही नाही, दृष्ट लागेल म्हणून. हसू नकोस, सगळी शिकलेलीच माणसं आहेत.

रोज माप घ्यायला आता मी एकटीच. जोडीदारीण नोकरी धरून गेली. बाबांच्या ऑपरेशनचं सांगितलं तर गाईड म्हणाले, "जा की. पण भट्टी बंद करावी लागेल. आणि परत येईपर्यंत तुझी जागा राहील, असं मी कुठल्या तोंडाने सांगू?"

वाईट नाहीत गं ते. त्यांनाही वरचे विचारतात.

डॉक्टर खरंच काय म्हणाले? "साधंच आहे" म्हणताना तुझा आवाज आईच्या आजारपणात व्हायचा तसा झाला होता.

आज सकाळी मी भट्टी बंद केली. ती गार होतेय, मी तिच्याशेजारी बसून हे लिहितेय. आवराआवर करून ऑपरेशनच्या आधी पोचते. बाबांनी विचारलं तर सांग, पट्टी तुटली, काम झालं. मीही तेच सांगेन. तेव्हा माझ्याकडे बघू नकोस, दोघी पकडल्या जाऊ.

बाबांना नमस्कार सांगू नकोस, पत्र आल्याचं कळेल.

तुझीच,
छोटी