बाबांची नक्षी

झेफेरिनो,

मंत्रिसाहेब लिहायला हात धजत नाही. माझ्यासाठी तू धाकटाच.

काल राजधानी दिलीहून सरकारातला नवा भागीदार घरी जेवायला घेऊन आलास. मी विणलेला ताइस कापडाचा पट्टा पाहुण्याच्या गळ्यात घालताना तो हसून म्हणाला, "ताई, ही नक्षी कुठंतरी पाहिलीय."

ही नक्षी फक्त आपल्या घरची. घराबाहेर ती एकदाच गेली, सैनिकांनी बाबांना उचलून नेलं तेव्हा, त्यांच्या खांद्यावरून.

"ताई, पट्टा हातातून का निसटला?" तू विचारलंस.

"वय झालं रे," मी म्हटलं.

तेव्हा रानात लपणारा तुमचा पक्ष आज सत्तेवर आहे, पण या माणसाच्या संसदेतल्या दोन मतांवर. म्हणून हे पत्र न पाठवता माझ्या हातमागाखालीच राहील.

पण तो पुन्हा जेवायला आला, तर बाबांना कुठं पुरलं एवढं मी विचारणारच.

तुझी,
इल्डाताई