आज रोजा आहे का?

१२ मार्च २००६

स्लाइड पुन्हा तपासल्या. एक दशांशचिन्ह चुकले होते — माझ्याकडून! परिषद परवा. निष्कर्ष निर्विवाद आहे: रमजानमध्ये मधुमेही स्त्रियांची दुपारची साखर धोक्याइतकी उतरत नाही, इन्सुलिन कमी करण्याची गरज नाही. येत्या रमजानसाठी आमच्या रुग्णालयाचे सल्लापत्रक यावरच निघेल.

सरावासाठी क्लेटनला प्रश्न विचारायला बसवले. "मॅडम, जेवणाआधी संपेल ना?" नवरा म्हणून ठीक, परीक्षक म्हणून नापास.

१४ मार्च

सादरीकरण निर्दोष. उत्तरेही — शेवटच्या प्रश्नापर्यंत.

डॉ. रबिया उठल्या. मूळच्या रत्नागिरीच्या; इथे शहरातल्या अल सद्द भागात त्यांचा मुलांचा दवाखाना आहे. "पाळीच्या दिवसांत बाईला रोजा नसतो. ते दिवस वेगळे काढलेत?"

काढले नव्हते. फॉर्मवर विचारले होते, "आज रोजा आहे का?" सगळ्यांनी "हो" म्हटले होते. तेच सांगितले.

"म्हणणारच! ते दिवस आम्ही घरातही कळू देत नाही. स्वयंपाकघराचं दार लोटून खातो."

"एवढ्या मोठ्या नमुन्यात तो फरक नगण्य ठरतो," मी म्हणाले. टाळ्या पडल्या. ते उत्तर नव्हते. मला ठाऊक होते.

१५ मार्च

संताप. स्वतःवर कमी, त्या बायकांवर अधिक. डॉक्टरांना खोटे सांगायचे — निव्वळ अडाणीपणा!

क्लेटन: "पत्रक छापायला गेलं ना? खलास. आता कशाला उकरतेस?"

कारण खाल्लेल्या दिवसाची साखर मी उपाशी दिवसाची म्हणून धरली. खरा रोजा असलेली बाई माझ्या भरवशावर पूर्ण इन्सुलिन घेईल आणि कोसळेल.

पत्रक थांबवायला लावले. संचालक म्हणाले, "खात्री आहे, डॉक्टर?" अजून नाही. होईल.

२ एप्रिल

प्रत्येकीला पुन्हा बोलावते आहे. माझ्याकडे केवळ क्रमांक. नावे नोंदणी विभागाकडे; निरोपही तिथूनच जातात. तेव्हा फॉर्म आमचा तंत्रज्ञ फैसल भरून घेई — कामात चोख, म्हणून मीच नेमलेला. आता दार बंद. आत फक्त ती आणि मी.

आज हजराबी आल्या. प्रश्न ऐकून हसतच सुटल्या. "अगो बाय, तू पण बाईमाणूसच ना? हे विचारायला एवढा उशीर?"

लिहून घेतले.

२० एप्रिल

खाल्लेले दिवस वगळले. खऱ्या रोज्याच्या दिवशी साखर उतरते — धोक्याइतकी! निष्कर्ष उलटला. दुरुस्ती मीच मांडणार, माझ्याच नावाने, त्याच व्यासपीठावर. विचारू देत हवे ते.

एक रुग्ण यायची राहिली आहे. तिच्यावाचून तक्ता पुरा करणार नाही.

२३ एप्रिल

ती आली. डॉ. रबिया.

दार त्यांनीच लावले. "फैसल माझा चुलतदीर आहे, डॉक्टर. त्याच्या तोंडावर 'नाही' म्हणण्यापेक्षा भरल्या सभागृहात तुम्हाला विचारणं सोपं होतं."