घरचं गिऱ्हाईक

ता. ४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी चांगली बातमी. मुंगीची तपासणी झाली. ल्युकेमियाची औषधं बंद होऊन दोन वर्षं झाली, पोरगी ठणठणीत आहे, आता वर्षातून एकदाच तोंड दाखवा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी खूप हसले आणि बाहेर येऊन तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

त्याआधी बाईंनी मोर्चा माझ्याकडे वळवला होता. झोप लागते का, जेवण जातं का? मी म्हटलं, मला काय धाड भरली आहे! तर आमची कन्या सांगून मोकळी, की आई झोपत नाही आणि दुकानात केस कापता कापता गिऱ्हाइकांच्याही कपाळाला हात लावते. आता गिऱ्हाईक शिंकलं तर मी काय करणार? इस्पितळात दर शनिवारी अशा मुलांच्या आईबापांची बैठक असते, तिला या म्हणून बाईंनी बजावलं. पोरगी बरी झाली, मग आम्ही कशाला जायचं?

आणि सुट्टीत तुझ्याकडे पोहायला यायचं खूळ तिच्या डोक्यात तूच भरलंस ना? पोहताना डोळ्यांत येतात म्हणून केस कापायचा हट्ट धरून बसली आहे. गावभर कात्री चालवते मी, पण या केसांना माझ्याच्याने हात लाववणार नाही. किती वाट बघून आलेत ते तुला माहीत आहे.

भावोजींना नमस्कार. रागावलीस तरी लोभात काटछाट नको.

तुझी,
धाकटी

ता. ११ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुला धाड भरली नाही हे वाचून आमचे हे खुर्चीतून पडायचेच बाकी होते. मागच्या वेळी तू जेवताना त्यांच्याही कपाळाला हात लावलास. मेव्हणीला माझी भारी काळजी, असं अजून सगळ्यांना सांगत फिरतात.

मुंगीचं मला वेगळं पत्र आलंय. आईने नाही कापले तर समोरच्या दुकानात जाईन, अशी धमकी आहे. तुझ्या दुकानावरच्या पाटीची काय शोभा राहील?

आता चेष्टा पुरे. ती आजारी होती तेव्हा तुला रडायला सवड नव्हती. आता आहे, तर ती तू लोकांची कपाळं चाचपण्यात घालवतेस. ते केस खाली पडलेले पुन्हा बघायची तुला भीती वाटते. वाटणारच गं. पण एकटीने घाबरू नकोस. त्या बैठकीला जा आणि नवऱ्यालाही ने. तो बोलत नाही म्हणजे त्याला काही होत नाही असं थोडंच आहे?

मुंगीला पाठव, केस कसेही असोत. आमचा लोभ मोजमाप न करता घे.

तुझी,
ताई

ता. २० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो बाई एकदाचे. गोल मांडलेल्या खुर्च्या, किटलीत कोमट चहा आणि आमच्यासारखेच चेहरे. शेजारच्या बाईने मुलाला खरचटू नये म्हणून त्याचा फुटबॉलच लपवला आहे, आणि घरभर शोधायला त्याला मदतही करते! मी पोट धरून हसले, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलंच नाही. कोणीही मला गप्प केलं नाही.

आणि मुंगीचे बाबा! लिफ्ट दुरुस्त करताना जे काही बोलायचं ते लिफ्टशीच बोलणारा हा माणूस, पण तिथे त्यांनी दुसऱ्याला बोलूच दिलं नाही. रोज दुपारी वाट वाकडी करून शाळेच्या कुंपणापाशी उभे राहतात म्हणे. मुंगी पळताना दिसली की कामावर जातात. परवा पहारेकऱ्याने हटकलं, तर मी बाप आहे एवढंही यांना सांगता येईना. मला यातलं काही माहीत नव्हतं, ताई. एका घरात राहून दोघं आपापलं घाबरत होतो.

पुढच्या शनिवारीही जाणार आहोत. केसांचं मात्र अजून विचारू नकोस, आणि न विचारताही लोभ ठेव.

तुझी,
धाकटी

ता. २ मे

प्रिय मावशी,
मोठ्यांच्या पत्रात असतो तो नमस्कार. लोभ वगैरे आल्यावर बघू.

मी रविवारी बाबांबरोबर येते आहे. केस कापले!

आज सकाळी आईने मला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत फळीवर बसवलं आणि गळ्याभोवती मोठा कपडा बांधला. मग कात्री घेऊन नुसतीच उभी राहिली. ती रडत होती, मला आरशात दिसत होतं. मी म्हटलं, की तू खुशाल रड, पण आधी कात्री खाली ठेव, मला कान आहेत. मग ती हसली, आणि मग दोन्ही एकदम करायला लागली. बाबा दारात पाठ करून बाहेर बघत होते, पण बाहेर काहीच नव्हतं.

मग तिने कापले. अगदी आखूड, मला हवे तसे. मी मान हलवली म्हणून ओरडलीसुद्धा.

शेवटी तिने ब्रशने माझी मान झटकली, कपडा सोडला आणि म्हणाली, की दोन महिन्यांनी परत ये, वाढलेले असतील. हे ती सगळ्याच गिऱ्हाइकांना म्हणते. मला आज पहिल्यांदा म्हणाली.

तुझी,
मुंगी