फणीचा आखूड दात

प्रिय कमूबाय,

खोडाळ्याची जीप भरायच्या आत हे पत्र रमेश ड्रायव्हरच्या हातात द्यायचंय, म्हणून अक्षर वाकडंतिकडं आलं तर हसू नकोस. आमच्या छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसलीस तेव्हा मीही हसले होतेच की! माऊस धरून केवढी घामाघूम झाली होतीस. वर विचारतेस काय, तर यात तांदूळ कुठे आहे गं सकू?

रेतीच्या होडीसकट फागूभाऊजी खाडीत बुडाले आणि तुला लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढायला बंदी झाली. चौक सवाशिणींनीच काढायचा म्हणे. अख्ख्या साखरशेतात तुझ्यासारखा हात कुणाचा नाही, पण कुंकवासोबत तुझं सगळंच पुसून टाकलं मेल्यांनी. मला मात्र माझ्या लग्नात तुझाच चौक हवा होता. म्हणून ही शक्कल काढली. तू कॉम्प्युटरवर काढायचा, मी तो कापडावर छापून भिंतीला टांगायचा. तुझा हात ना पिठाला लागला, ना भिंतीला. मग कोण काय बोलणार?

तुला आठवतं, मी प्रत्येक माणसाला, झाडाला वेगळा पांढरा दिला नव्हता. एकच मूळ रंग ठेवला आणि बाकीच्या छटा त्याला जोडून दिल्या. तू त्याला आईरंग म्हणालीस, आई हलली की पोरं आपोआप हलतात. परवा माझी होणारी सासू, चंद्राची आई, चंद्राला आणि बायांना घेऊन चौक बघायला दुकानात आली. पांढरा फार डोळ्यांत खुपतो म्हणाली, दवाखान्याच्या भिंतीसारखा. मी आईरंगात चिमूटभर पिवळा टाकला आणि क्षणात घोडा, ढोलकरी, नाचणाऱ्या बाया, सगळे तांदळाच्या रंगाचे झाले. सोबत आलेल्या बाया अगं बाई, अगं बाई करत राहिल्या. चंद्रासुद्धा खूश होता.

आणि मग गौराबाई आत्याला चौकातली ती फणी दिसली. फणीचा शेवटचा दात तू नेहमी आखूड काढतेस, लहानपणी माझ्या जटांत तुटला होता तसाच. आत्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट टेकवलं आणि ओरडली, हा तर कमूचा हात! चंद्राची आई उठून बाहेरच गेली. चंद्रा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, तेवढा दात लांब कर, मी आईला समजावतो. खरंच एका क्षणाचं काम होतं, बाय. माझा हात माऊसवर होता. पण मला इतका संताप आला की मी पडदाच बंद केला आणि चंद्राला लग्नाला नाही म्हणाले.

लग्न मोडलं. हे तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहितेय, कारण आत्या उद्या खोडाळ्याच्या बाजाराला येणार आणि तुझ्या हाताने माझं वाटोळं झालं म्हणून चारचौघांत सांगणार. ते खोटं आहे. मोडलं ते मी मोडलं. भाऊजींच्या मागोमाग जायला तू एकदा घरातून निघाली होतीस, ते मी विसरलेले नाही. मला फार भीती वाटतेय गं. तसलं काही मनात आणायचं नाही. याच जीपने परत ये, तुला घेतल्याशिवाय निघायचं नाही असं रमेशला बजावलंय. माझ्या खोलीची भिंत गेरूने सारवून ठेवलीय आणि तांदूळ भिजत घातलेत. लग्नाशिवाय चौक काढत नाहीत, ठाऊक आहे मला. तू ये आणि काढ.

तुझीच,
सकू